वऱ्हाडचे कान कोणी मोजले?

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री वऱ्हाडातल्या गावागावांत प्रगणक फिरत होते. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं होतं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हातात होता. हिंदुस्थानभर एकाच रात्री घेतलेली ही पहिली जनगणना. वऱ्हाडचा अहवाल युस्टेस किट्स नावाच्या अधिकाऱ्याने लिहिला. लोकसंख्या भरली २६ लाख ७२ हजारांच्या वर.

त्या जनगणनेच्या तक्त्यात नाव, वय, धर्म, जात, धंदा यांच्याबरोबर एक रकाना व्यंगांचा होता. त्यात चारच गोष्टी नोंदवायच्या होत्या: वेड, दोन्ही डोळ्यांचं आंधळेपण, महारोग आणि जन्मापासूनचं मूकबधिरपण. अकोला, अमरावतीच्या माणसांना ऐकू येतं की नाही, हे सरकारदरबारी कागदावर येण्याची ही सुरुवात.

पण हा प्रश्न कोणाला विचारला गेला? घरातल्या कर्त्याला. प्रगणक ओसरीवर बसायचा, कर्ता पुरुष सांगायचा आणि प्रगणक लिहायचा. ज्याच्या कानांबद्दल नोंद व्हायची तो माणूस तिथेच भिंतीला टेकून बसलेला असला, तरी त्याचं मत कोणी घेत नव्हतं. घेणार तरी कसं? प्रश्नच त्याला ऐकू जाणार नव्हता.

ही पद्धत किती चुकीची होती, हे पुढच्या जनगणनांच्या अधिकाऱ्यांनाच आकड्यांवरून कळलं. त्यांचा हिशेब साधा होता. दोष जन्मापासूनचा असेल, तर लहान वयात त्याचं प्रमाण जास्त दिसायला हवं आणि म्हातारपणाकडे ते वाढता कामा नये. तक्त्यांत मात्र साठीच्या पुढे आकडा परत चढायचा. म्हणजे वयोमानाने बहिरे झालेले आजोबाही ‘जन्मापासून मूकबधिर’ होऊन बसले होते. उलट तीन-चार वर्षांच्या न बोलणाऱ्या पोराला आईबाप बहिरं म्हणायला तयार नसत. ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला होता,’ हे वाक्य तेव्हाही कुठल्या ना कुठल्या ओसरीवर म्हटलं गेलंच असणार.

१९३१ नंतर हा रकाना जनगणनेतून गेला. पन्नास वर्षांनी, १९८१ मध्ये, सरकारने पुन्हा अपंगत्वाबद्दल विचारलं, पण तीनच प्रकार विचारले: पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके. बहिरेपणाबद्दल थेट प्रश्न नव्हताच. बोलता येत असेल, तर तुम्ही मोजणीच्या बाहेर. १९९१ मध्ये पुन्हा काहीच नाही. २००१ मध्ये श्रवणदोष असलेले लोक देशात सुमारे १२ लाख ६० हजार निघाले आणि २०११ मध्ये तोच आकडा ५० लाख ७० हजारांवर गेला.

दहा वर्षांत देशाचे कान चौपट बिघडले नव्हते. मुख्यतः व्याख्या आणि विचारण्याची रीत बदलली होती. २००१ मध्ये श्रवणयंत्र लावून ऐकू येणाऱ्याला धरलं नव्हतं, २०११ मध्ये धरलं. श्रवणतपासणीचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. ऐकू किती येतं, याचं उत्तर दीडशे वर्षं प्रश्न कसा विचारला आणि कोणाला विचारला यावर ठरत आलं आहे.

दिसत नाही ते व्यंग

१८८१ च्या त्या चार रकान्यांचं पुढे वऱ्हाडात काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. महारोगाची लोकांना भीती वाटायची, म्हणून त्याच्यासाठी जागा उभ्या राहिल्या. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनऱ्यांचं कुष्ठरुग्णालय झालं. अमरावतीला १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. वेडाचीही भीती होती, त्याची सोय नागपूरला झाली. आंधळ्याची कीव यायची.

बहिऱ्याची भीती वाटत नाही आणि कीवही फारशी येत नाही. त्याचं हसू येतं. आपल्या तमाशा-नाटकांत, बतावण्यांत, लग्नातल्या गप्पांत बहिरा म्हातारा हा हुकमी विनोद आहे. एक विचारलं की तो भलतंच उत्तर देतो आणि मंडळी हसतात. बहिरेपणाला तपासणीपर्यंत पोचायला इतका उशीर लागला, त्याचं एक कारण हे हसूही आहे असं मला वाटतं. आपलं हसं होतंय हे कळलेला माणूस ‘ऐकू आलं नाही’ असं म्हणणं सोडून देतो. तो मान डोलवायला शिकतो. मग घरच्यांनाही वाटतं की याला सगळं कळतंय.

मुंबईला माझगावात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये मूकबधिरांची शाळा निघाली. देशातल्या अशा शाळांची सुरुवात तिच्यापासून धरतात. पण अकोल्याहून मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी ती नसल्यातच जमा.

काटा, टाळी आणि सूर

डॉक्टरांनी कान तपासायला सुरुवात केली ती साध्या वस्तूंनी. मागे उभं राहून टाळी वाजवायची. खिशातलं घड्याळ कानापासून किती लांब नेलं की टिकटिक थांबते, ते पाहायचं. हलक्या आवाजात शब्द म्हणायचे. घरोघरी हेच चालायचं, फक्त घड्याळाऐवजी थाळी असायची.

त्यानंतर आला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन टोकांचा तो पोलादी काटा. १७११ च्या सुमारास जॉन शोर नावाच्या इंग्रज वादकाने तो वाद्यं सुरात लावायला बनवला होता. जर्मनीत एर्न्स्ट वेबरच्या १८३४ मधल्या कामावरून पुढे कळलं की थरथरता काटा कपाळाच्या मध्यावर टेकवला, तर आवाज कोणत्या कानाकडे झुकतो यावरून दोषाचा अंदाज येतो. १८५५ मध्ये अडोल्फ रिनेने हाडातून आणि हवेतून ऐकू येण्याची तुलना केली. काटा कानामागच्या हाडावर ठेवायचा. आवाज थांबला की तो कानासमोर धरायचा. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो. बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल, मळ, पू किंवा फाटलेला पडदा असेल, तर येत नाही. कानाच्या डॉक्टरांच्या टेबलावर हा काटा आजही असतो.

काटा दोषाचा प्रकार सांगतो, माप सांगत नाही. माप १९२० च्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या ऑडिओमीटरमुळे शक्य झालं. टेलिफोन कंपन्यांना माणसाला किती आवाज पुरतो हे जाणून घ्यायचं होतं, त्यातून हे यंत्र निघालं. ‘डेसिबल’ हे एककही टेलिफोनवाल्यांचंच, त्यातला ‘बेल’ म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल.

या मापाचा शून्य कुठे ठेवला, हेही बघा. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीने जेमतेम ऐकू येईल इतका आवाज म्हणजे शून्य. १९३५-३६ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या आरोग्य पाहणीतून आधी तो ठरला आणि १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने त्यात दुरुस्ती केली. आज अकोल्यातल्या माणसाचा आलेख काढतात, तेव्हा वरची शून्याची रेघ कुठल्यातरी लांबच्या तरुणांच्या कानांवरून आलेली असते.

ऑडिओलॉजी हा स्वतंत्र विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, तोफांनी कान गेलेले सैनिक घरी परतले तेव्हा. भारतात १९६० च्या दशकाच्या मध्यावर म्हैसूरला वाक् आणि श्रवण संस्था निघाली आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात पदवीचं शिक्षण सुरू झालं. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था झाली. वऱ्हाडात मोठी रुग्णालयं उभी राहायला आणखी वेळ गेला. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चं आणि अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चं. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयांत ऑडिओमेट्रीची सोय करायची तरतूद आली. प्रगणकाच्या रकान्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

काचेच्या आतला माणूस

ही तपासणी मी जवळून पाहिली ती माझ्या मोठेबाबांमुळे. ते जिनिंगमध्ये कामाला होते, सव्वीस हंगाम. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की उन्हाळा लागेपर्यंत जिनांच्या रांगेत तेलपाणी आणि रोलरची देखभाल. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की त्यांना ऐकू येत नाही. आणि त्यांचं एकच उत्तर होतं, “मले आयकू येते ना बाप्पा. तुमचंच बोलनं आजकाल तोंडातल्या तोंडात असते.”

अकोल्याच्या एका दवाखान्यात त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. सूचना एवढीच: आवाज कितीही बारीक असो, ऐकू आला की दाबा. बाहेर ऑडिओलॉजिस्ट बाई डायल फिरवत होत्या. ऐकू आलं की दहा डेसिबल खाली, नाही आलं की पाच वर. असं करत करत जो सर्वांत बारीक आवाज पुन्हा पुन्हा पकडता येतो, तो कागदावर मांडायचा. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. २५० हर्ट्झच्या जाड आवाजापासून ८००० च्या चिरक्या आवाजापर्यंत. मग हाडावर एक छोटा ठोकळा लावून तेच परत. हवेतून आणि हाडातून दोन्हीकडे सारखंच कमी आलं, म्हणजे दोष आतल्या कानात.

नंतर शब्द. बाई म्हणतील तो शब्द परत म्हणायचा. बाई म्हणाल्या, “शाळा.” मोठेबाबा म्हणाले, “शाया.” बाईंनी बरोबरची खूण केली. नंतर बाई म्हणाल्या, “साप.” मोठेबाबा म्हणाले, “ताप.” ही चूक धरली.

हा फरक कळायला ऐकणाऱ्याला वऱ्हाडी यावी लागते. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. प्रमाण मराठीतली शब्दांची यादी घेऊन नवख्या माणसाने तपासलं असतं, तर ‘शाया’ चुकीत गेलं असतं आणि मोठेबाबा होते त्यापेक्षा जास्त बहिरे ठरले असते. म्हणजे १८८१ सारखंच, पुन्हा उत्तर नोंदवणाऱ्यावर आलं.

आलेख हाती आला. जाड आवाजांच्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. बाईंनी विचारलं, “जिनमध्ये होते का?” आम्ही तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

स्वर जाड असतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं बारीक आणि हलकी असतात, म्हणून काय बोलतोय हे कळत नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटतं. मोठेबाबा इतकी वर्षं खरंच सांगत होते. त्यांना आवाज ऐकू येत होता, शब्द फुटत नव्हते. घरात आम्ही ‘येतं’ की ‘येत नाही’ एवढंच भांडत होतो आणि खरं उत्तर त्या दोन्हींच्या मध्ये होतं. ते पहिल्यांदा कागदावर आलं, कारण पहिल्यांदा प्रश्न थेट त्यांना विचारला गेला आणि उत्तराचं बटण त्यांच्या हातात होतं.

पांढरं सोनं आणि गोंगाट

४००० हर्ट्झच्या त्या खड्ड्याला वऱ्हाडात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आले. तोवर सरकी वेगळी करायचं काम घरात, हातरेच्यावर चालायचं. आता रेल्वेच्या रुळांलगत वाफेवरची जिनं आणि प्रेस उभी राहिली.

कापसाच्या भावाचा इतिहास आपण शिकतो, जिनच्या आवाजाचा कोणी लिहिला नाही. आपल्या शेजारच्या जळगावात संशोधकांनी दहा जिनिंग कारखान्यांत तो मोजला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. आवाज होता ८९ ते १०६ डेसिबल. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणजे ९० आणि १०६ मध्ये जवळपास चाळीसपट फरक. कामगारांची ऑडिओमेट्री केली, तर २५ डेसिबलपेक्षा जास्त ऱ्हास असलेल्यांचं प्रमाण ९४ ते ९७ टक्के निघालं. जितकी वर्षं काम, तितका दोष जास्त.

आतल्या कानात केसांसारखी टोकं असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. गोंगाटाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही. म्हणून तक्रारही होत नाही.

कायदा काय म्हणत होता? आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यातली मर्यादा होती. त्यापेक्षा जास्त गोंगाटात काम करणाऱ्याची कामावर लागताच आणि मग दरवर्षी श्रवणतपासणी व्हावी, असं आदर्श नियमावलीत होतं. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता.

पण १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उघडून पाहा. तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. आणि हंगामी कारखाना कशाला म्हणावं, याच्या व्याख्येतली पहिलीच प्रक्रिया होती कापसाचं जिनिंग. त्यानंतर प्रेसिंग. त्यामुळे सूतगिरणीतल्या कामगाराला दवाखान्याचं कार्ड मिळालं आणि जिनमधल्याला मिळालं नाही. आवाजाला हंगाम असतो, पण त्याने गेलेले कान बाराही महिने गेलेलेच असतात. मोठेबाबांची सव्वीस हंगामांत एकदाही श्रवणतपासणी झाली नाही. त्यांच्या रांगेतल्या कोणाचीच नाही.

आणि आता तपासणी झाल्यावरही ते मोजणीत येत नाहीत. त्यांचा सरासरी ऱ्हास दोन्ही कानांत पन्नासच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ५० ते ६४ म्हणजे मध्यम-तीव्र दोष. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मात्र ‘ऐकण्यास कठीण’ ही व्याख्या ६० पासून सुरू होते आणि ‘बहिरा’ ७० पासून. म्हणजे प्रमाणपत्र नाही, एसटीची सवलत नाही. १८८१ मध्ये ते त्या रकान्यात बसले नसते, कारण दोष जन्मापासूनचा नाही. आज बसत नाहीत, कारण दहा डेसिबल कमी पडतात.

ज्यांना बटण दाबता येत नाही

बटण दाबायला तपासणी कळावी लागते. तान्ह्या बाळाचं काय? त्याच्यासाठी दोन शोध उपयोगी पडले. १९७० च्या सुमारास कानापासून मेंदूच्या देठापर्यंत जाणारे विजेचे हलके तरंग डोक्याच्या कातडीवरून टिपता यायला लागले, तीच बेरा तपासणी. बाळ झोपलेलं असतानाच ती करतात. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड केम्पने दाखवलं की निरोगी कान स्वतःही अतिशय बारीक आवाज बाहेर सोडतो. तो टिपणारी ओएई तपासणी काही मिनिटांत होते. ‘बोलेल हळूहळू’ म्हणत तीन वर्षं वाट पाहण्याची गरज आता उरलेली नाही. भाषा शिकण्याची ती मोलाची वर्षं हातची जात होती, आणि न बोलणारं मूल मतिमंद म्हणून घराच्या कोपऱ्यात पडायचं.

कोपऱ्यातही जागा न मिळालेल्यांचं काय होतं, हे अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला दिसतं. रेल्वेस्टेशनांवर, बसस्टँडांवर टाकून दिलेली अपंग मुलं शंकरबाबा पापळकरांनी तिथे सांभाळली आणि वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. त्यांत मूकबधिर मुलंही आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रगणकाला उत्तर द्यायला ज्यांच्या घरी कर्ताच नव्हता, अशी ही मुलं.

तुमच्या हातातलं यंत्र

तुम्ही हे फोनवर वाचताय, कदाचित कानात इअरफोन असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास सुरक्षित आहेत. आवाज ९० वर नेला, तर तेवढाच डोस चार तासांत संपतो. वरातीतल्या डीजेसमोर तर मिनिटांत मोजायची वेळ येते. जिनचा आवाज पोटासाठी सोसावा लागत होता, हा आपण विकत घेतो.

त्याच फोनवर २०१९ पासून त्या संघटनेचं हिअर-डब्ल्यूएचओ नावाचं फुकट ॲप आहे. गोंगाटात म्हटलेले आकडे ओळखायचे, एवढीच चाचणी. ती निदान करत नाही, पण दवाखान्यात जायचं की नाही ते कळतं. प्रत्यक्ष तपासणी झाली, की आलेखाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा आलेख तिच्याशी ताडता येईल. कामावरून नुकसान झालं असेल, तर पुरावाही तोच. आणि घरात कोणी ‘तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता’ म्हणत असेल, तर त्याच्याशी वाद न घालता त्याला तपासणीला न्या. जाताना आपली बोली येणारा ऑडिओलॉजिस्ट मिळाला, तर उत्तम.

मोठेबाबांनी दोन्ही कानांना यंत्रं घेतली आहेत, पदरच्या पैशाने. पहिल्या आठवड्यात त्यांची तक्रार उलटी होती. पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज, पिशवीची चुरचूर. “काऊन एवढा कल्ला करून रायले रे तुमी?”

पुढच्या जनगणनेत प्रगणक आमच्याकडे येईल, तेव्हा मी त्याला मोठेबाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसवणार आहे.